कोपच्छद : राग झाकणाऱ्या धूपाची गोष्ट

सहाव्या शतकातील एका संस्कृत ग्रंथात एका धूपाचे नाव ‘कोपच्छद’ असे दिले आहे. कोप म्हणजे राग, छद म्हणजे आच्छादन. राग झाकणारा धूप. त्याच श्लोकात त्याला ‘नरेन्द्रधूप’ असेही म्हटले आहे. म्हणजे तो राजासाठी होता.

ग्रंथ वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’. वराहमिहिर आपल्याला ठाऊक असतो तो उज्जयिनीचा ज्योतिषी म्हणून. पण पाऊस, भूकंप, वास्तू, रत्ने, वृक्षांचे रोग या सगळ्यांबरोबर त्याने सुगंधावरही एक अध्याय लिहिला आहे, ‘गंधयुक्ति’ नावाचा. आजचा धागा त्या अध्यायाविषयी आणि त्यातून पुढे वाहत आलेल्या गंधांच्या नावांविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आपल्याकडच्या अत्तरांची आजची नावे बहुधा फुलांची किंवा द्रव्यांची असतात: मोगरा, केवडा, गुलाब, हिना, वाळा. जुन्या ग्रंथांतही अशी नावे आहेत. त्यांच्या शेजारी मात्र दुसऱ्या जातीची नावे सापडतात. ती मनाच्या अवस्थेवरून ठेवलेली आहेत. काम चेतवणारा, राग झाकणारा, पुढच्या काळात जीव उल्हसित करणारा. गंध कशाचा आहे यापेक्षा तो माणसाचे काय करतो, हे ज्यांना महत्त्वाचे वाटले त्यांनी ठेवलेली ही नावे.

गंधयुक्तीचा अध्याय सुरू होतो तो केसांच्या कलपाने! डोके पांढरे झालेल्या माणसाला फुलांच्या माळा, गंध, धूप, वस्त्रे, दागिने यांतले काहीच शोभत नाही. म्हणून जितकी काळजी दागिन्यांची तितकीच केस रंगवण्याची घ्यावी, असे वराहमिहिर आधी सांगून टाकतो. मग कलपाची कृती, मग कलपाचा वास घालवण्यासाठी सुगंधी स्नान, आणि तेथून तो तेले, गंध, धूप यांकडे वळतो. या अध्यायाच्या आगेमागे स्त्रीपुरुषांच्या समागमाविषयीचे अध्याय आहेत. ही देवघरातली उदबत्ती नव्हे, हे त्यावरून लक्षात यावे. येथे गंध हा अंतःपुराचा आणि दरबाराचा विषय आहे.

पहिले लक्षणीय नाव ‘स्मरोद्दीपन’, कामभावना प्रज्वलित करणारा गंध. घटक चारच, समभाग: तमालपत्र, तुरुष्क, वाळा आणि तगर. तुरुष्क म्हणजे शिलारस, पश्चिमेकडून येणारा झाडाचा राळेसारखा चीक. तुर्कांचा देश त्याच्या नावातच आहे. तगर म्हणजे अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर नव्हे. ही हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या एका वनस्पतीची मुळी आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ‘तगर गाठी’ म्हणून मागितली तर मिळते.

ही मुळी ज्याने एकदा हुंगली आहे त्याला तिचा अंतर्भाव कामोद्दीपक गंधात का केला असेल, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. सुकलेल्या तगरमुळीला घामट, जुन्या लोकरीसारखा, स्पष्ट सांगायचे तर न धुतलेल्या मोज्यांसारखा वास येतो. त्याचे कारणही रासायनिक आहे: या मुळीत आढळणारे आयसोव्हॅलरिक आम्ल पायांच्या घामातही असते. नुसती तगर मला दोन मिनिटे सहन होत नाही. वाळ्याबरोबर कुटली की मात्र ती बदलते. वाळ्याचा ओला, मातकट गारवा पुढे येतो, तमालपत्राची कडसर ऊब वरून पसरते आणि तगरीचा घामटपणा खाली राहतो, दिसत नाही पण आहे. त्या मिश्रणाला त्यामुळे अंगाचा वास येतो. फुलांचा नव्हे, माणसाचा. ‘स्मरोद्दीपन’ हे नाव ठेवणाऱ्याला हे नेमके ठाऊक असावे, असे माझे मत आहे.

याच गंधात एका द्रव्याची भर घालून त्याला कटुका आणि हिंगाची धुरी दिली की ‘बकुल’ तयार होतो. हिंगाच्या धुरीतून बकुळ! कोष्ठ घातले तर कमळाचा वास. चंदन घातले तर चाफा. जायपत्री, दालचिनी आणि धणे घातले तर अतिमुक्तक, म्हणजे माधवीलतेचा वास. यांपैकी एकाही कृतीत त्या त्या फुलाची एक पाकळीसुद्धा नाही. फुलाचा वास फुलाविना उभा करायचा, हे आजच्या अत्तरकाराचे काम पंधराशे वर्षांपूर्वीच्या श्लोकांत आहे, आणि तेही एका ज्योतिष्याने लिहिलेल्या.

ज्योतिषी म्हटल्यावर गणित आलेच. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार निवडली तर १८२० गट होतात, हे वराहमिहिर नेमके सांगतो. प्रत्येक गटातील द्रव्यांचे भाग एक, दोन, तीन, चार असे आलटून पालटून घेतले की प्रत्येक गटाचे ९६ भेद होतात असे तो मानतो, आणि गंधांची एकूण संख्या १,७४,७२० देतो. आजच्या रीतीने चार द्रव्यांना चार प्रमाणे २४ प्रकारांनीच वाटता येतात, म्हणजे उत्तर ४३,६८० येते. ग्रंथातला गुणक त्याच्या चौपट आहे. ते काहीही असो, या मिश्रणसमूहाला त्याने दिलेले नाव ‘गंधार्णव’ आहे, गंधांचा समुद्र. अतिशयोक्ती म्हणावी तर आकडा समोर आहे.

दुसऱ्या एका योजनेत तो सोळा द्रव्ये चार गुणिले चार अशा चौकटीत मांडतो. अगरू दोन भाग, तमालपत्र तीन, तुरुष्क पाच, दगडफूल आठ, ही पहिली ओळ. उरलेल्या तीन ओळींतही एक ते आठ यांमधलेच आकडे आहेत. ही चौकट आडवी वाचा, उभी वाचा, कर्णाने वाचा, बेरीज अठराच येते. नाव ‘सर्वतोभद्र’, सगळ्या बाजूंनी शुभ. भारतातल्या जादूच्या चौरसांच्या इतिहासात या चौकटीला मानाचे स्थान आहे, आणि तिचा जन्म गणिताच्या पाटीवर न होता गंध्याच्या तराजूवर झाला, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता पुन्हा कोपच्छदाकडे.

त्याचे घटक असे: साखर (मूळ शब्द ‘सित’ आहे, त्याचा अर्थ साखर घेतात), दगडफूल आणि नागरमोथा चार चार भाग, त्याहून कमी प्रमाणात देवदार-चीडाच्या जातीच्या झाडांचा चीक, राळ, नख आणि गुग्गुळ. कापराचा ‘बोध’ द्यायचा आणि मधात गोळी वळायची.

यातले नख म्हणजे समुद्री गोगलगाईच्या शंखाचे झाकण, आपल्याकडचा नखला. एकटा जाळला तर जळक्या केसांची दुर्गंधी येते. शुद्ध करून अल्प प्रमाणात घातला तर तो इतर वासांना धरून ठेवतो. बाकीची यादी एखाद्या मराठी गृहिणीच्या समोर ठेवा. दगडफूल तिच्या गोड्या मसाल्यात आहे. नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात आहे. गुग्गुळ आणि राळ धुपाटण्यात आहेत. कापूर देव्हाऱ्यात आहे. राजाचा धूप घरात विखुरलेला सापडतो, फक्त तो एकत्र कोणी करत नाही.

मी केला. नखला आणि चिडाचा चीक वगळून, म्हणजे कृती अपुरीच, पण ढाचा तोच. निखाऱ्यावर गोळी ठेवताच प्रथम कापूर येतो, थंड आणि टोकदार, आणि क्षणात जातो. मग साखर आणि मध जळू लागतात; पाकाचा, किंचित करपलेला, जत्रेतल्या शेवरेवडीच्या दुकानासारखा गोड धूर. त्यामागून गुग्गुळाची कडवट गंभीरता. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त वेळ रेंगाळते ते दगडफूल: ओल्या भिंतीवरचे शेवाळ, जुने लाकूड, आणि मसाला भाजताना घरभर पसरतो तो खमंगपणा. राजाचा कोप झाकण्यासाठी सांगितलेला हा धूप माझ्या नाकाला मसाल्याच्या भाजणीची, म्हणजे घरात कोणीतरी आहे आणि संध्याकाळी जेवण आहे या खात्रीची आठवण देतो. राग शमायला याहून चांगले निमित्त क्वचितच असेल. अर्थात ही आठवण माझी, मराठी स्वयंपाकघराची आहे. उज्जयिनीच्या राजाला त्यातून काय आठवत होते, ते त्याच्याबरोबर गेले.

नावाचा अर्थ मात्र अजून उलगडायचा आहे. कोपनाशक असे नाव ठेवता आले असते, कोपशमन ठेवता आले असते. ‘छद’ म्हणजे झाकण. म्हणजे राग तेथेच असतो, वरून पांघरूण पडते. आणि राग कोणाचा? राजा संतापला आहे आणि धूपाने त्याचे मन निवते, असा एक अर्थ. राजा संतापला आहे आणि तो संताप दरबारात कोणाला जाणवू नये, असा दुसरा. रुसलेल्या राणीच्या महाली जाताना राजाने अंगाखांद्यावर घ्यायचा धूप, हा तिसरा. आणि अध्यायाचे शेजार पाहता तोही दूरचा नाही. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. राजाने काम, क्रोध, लोभ आवरावेत हे राजनीतीच्या ग्रंथांतून सतत सांगितले जाई. ज्याच्या रागाने माणसे मरतात त्याचा राग झाकला जाणे ही दरबारातल्या प्रत्येकाच्या जिवाची सोय होती. सुगंधाकडे आपण चैन म्हणून पाहतो. या एका नावात मला त्याची दुसरी बाजू दिसते, ती भीतीची आहे.

‘बोध’ हा शब्द वर आला. तो गंधशास्त्राच्या सहा संस्कारांपैकी एक आहे: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. भावन म्हणजे चूर्णाला द्रवात भिजवून तो त्यात मुरू देणे. पाचन म्हणजे शिजवणे. धूपन म्हणजे धुरी देणे आणि वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून वास लावणे. बोध म्हणजे जागे करणे, वेध म्हणजे भेदणे. मिश्रण तयार झाल्यावर कापूर, कस्तुरी यांसारख्या तीव्र द्रव्याने त्यातला निजलेला गंध उठवायचा. निजलेला गंध! कारागिराची परिभाषा म्हणून बनलेले हे शब्द आहेत, पण गंधाला मन असल्यासारखे ते त्याच्याशी बोलतात.

ही द्रव्ये काही एका प्रांतात मिळणारी नव्हती. चंदन दक्षिणेचे, कोष्ठ काश्मीरकडचे, कस्तुरी हिमालयातल्या मृगाची, उत्तम कापूर सुमात्रा-बोर्निओच्या अरण्यातला, शिलारस पश्चिमेचा, नख समुद्रकाठचा. कोपच्छदाची एक गोळी म्हणजे व्यापारी मार्गांचा लहानसा नकाशा. आज तो नकाशा फाटला आहे. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते योग्यच आहे. कोष्ठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. पूजेच्या दुकानातला कापूर बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. झाडातल्या जुन्या कापराची आठवण ‘भीमसेनी’ या नावात उरली आहे. तेव्हा जुन्या कृती जशाच्या तशा करून पाहू असे कोणी म्हणाले तर ते शक्य नाही.

वराहमिहिरानंतर सहाशे वर्षांनी हा धागा आपल्या दाराशी येतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. इ.स. ११२९ च्या सुमारास त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध झाला. नावाचा अर्थच मनाचा उल्हास. त्यात राजाचे वीस उपभोग सांगितले आहेत: घर, स्नान, पादुका, तांबूल, विलेपन, वस्त्र असे करत करत शय्या, मग धूप, मग स्त्री. धूपाची जागा शय्येनंतर आणि स्त्रीच्या आधी आहे. चूर्ण, गोळी आणि वात असे धुपाचे प्रकार तेथे येतात. त्यातली वात ही आपल्या उदबत्तीची पूर्वज म्हणायला हरकत नाही. विलेपनेही ऋतूनुसार बदलतात. मानसोल्लासात मला वराहमिहिराची संख्याप्रीती दिसत नाही, पण सुखाची वेळ ठरवण्याची शिस्त दिसते. कोणत्या घटकेला कोणता वास, हे येथे राजाच्या दिनचर्येत बसवलेले आहे.

पुढे विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (१५८०–१६२७) नावे फारसीत एक गंधग्रंथ लिहिला गेला, ‘इत्र-ए-नौरसशाही’. हा सुलतान नवरसांनी झपाटलेला होता. त्याच्या गीतसंग्रहाचे नाव ‘किताब-ए-नौरस’, त्याने वसवलेल्या नगराचे नाव नौरसपूर, आणि अत्तरांच्या ग्रंथावरही तोच शिक्का. रस म्हणजे भाव. गंध आणि भाव यांचे जे नाते स्मरोद्दीपन-कोपच्छदात सुचवलेले होते, ते विजापुरात ग्रंथाच्या शीर्षकातच आले. दख्खनमध्ये संस्कृत आणि फारसी या दोन गंधपरंपरा एकमेकींत कशा मुरल्या, याचे हे उत्तम उदाहरण. आपल्या ‘अर्गजा’, ‘अबीर’ आणि ‘अत्तर’ या शब्दांच्या पाठीमागे हाच मेळ आहे.

उत्तरेत अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या सुगंधखात्याचे प्रकरण आहे. तेथे अर्गजा उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी वापरतात अशी नोंद आहे. तेथेच एका धूपाचे नाव ‘रूह-अफजा’ आहे, जीव वाढवणारा, उल्हसित करणारा. तेच नाव विसाव्या शतकात सरबताच्या बाटलीवर आले, आणि आज ते ऐकून कोणाला धूर आठवत नाही.

मोगलांपैकी गंधाविषयी सर्वांत मोकळेपणाने लिहिले ते जहांगिराने. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना भांड्यांतल्या गरम गुलाबपाण्यावर तवंग येतो हे तिच्या लक्षात आले. तिने तो थेंब थेंब गोळा केला. हे गुलाबाचे अत्तर. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो त्याचा आशय असा की तळहातावर एक थेंब चोळला तर सबंध मैफल दरवळते, आणि बुडालेली मने, कोमेजलेले जीव पुन्हा वर येतात. त्याने अस्मत बेगमला मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगम तेथे उपस्थित होती, तिने त्या अत्तराला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव दिले. हा मद्याच्या आणि अफूच्या आहारी गेलेला बादशहा, दोन पुत्रांच्या बंडाळ्या पाहिलेला. बुडालेल्या मनाविषयी तो लिहितो तेव्हा ते अलंकारापुरते वाटत नाही. अत्तरावरचे इतके प्रामाणिक वाक्य माझ्या वाचनात दुसरे नाही. नाव मात्र पुन्हा राजाचेच लागले; शोध लावणारीचे लागले नाही.

मराठी दरबारात अत्तराला आणखी एक काम मिळाले. पेशवाईत अत्तर-गुलाब आणि विडे आले की दरबार संपला असे समजायचे. कोणालाही ‘आता उठा’ असे म्हणावे लागत नसे. लग्नामुंजीत मनगटावर अत्तराचा बोट फिरवण्याची आणि गुलाबदाणी शिंपडण्याची आपली रीत याच रिवाजाची वंशज आहे, फक्त तिचा निरोपाचा अर्थ उलटून स्वागताचा झाला.

शेवटी थोडे पुण्याविषयी. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात भारतीय सुगंधशास्त्राच्या इतिहासावर लेखांची मालिकाच लिहिली. तोवर गंधशास्त्राचे स्वतंत्र ग्रंथ नष्ट झाले असा समज होता. वराहमिहिराचा टीकाकार उत्पल ईश्वर नावाच्या एका जुन्या गंधकाराची वचने देतो, पण तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. गोड्यांनी एक दुर्मिळ हस्तलिखित प्रकाशात आणले. त्यात दोन ग्रंथ होते: गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’. या दुसऱ्या ग्रंथावर टीका आहे, आणि ती टीका मराठीत आहे.

म्हणजे मध्ययुगात कोणी एक मराठी माणूस अत्तरे, तेले, धूप यांच्या कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता. संतसाहित्य आणि महानुभावांचे गद्य यांच्या पलीकडे, भट्टीपाशी, खलबत्त्यापाशी काम करणाऱ्यांची मराठी कशी होती याचा हा दुर्मिळ नमुना. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. संस्कृत श्लोक आणि त्याखाली कामाची मराठी, अशी ती पाने आहेत.

रा. तु. व्यास यांनी संपादित केलेली दोन्ही ग्रंथांची आवृत्ती १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली. मराठी टीका त्यात छापलेली आहे. मराठी भाषेच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी, आणि दिवाळीला उटणे घरी कुटणाऱ्यांनीही, ती एकदा उघडून पाहावी.